ओल्या फडक्याला लागत नाही ती धूळ

वास्कोला सड्यावर माझी मावशी राहते. सकाळी चहाच्या आधी ती बाल्कनीच्या कठड्यावरून ओलं फडकं फिरवते. फडक्याच्या घडीवर काळी रेघ उमटते, अगदी काजळासारखी. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पुन्हा तेच, पुन्हा तशीच रेघ. गेल्या महिन्यात गेलो होतो, तर तिने ते फडकं माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "तू मुलांना फिजिक्स शिकवतोस ना? मग सांग मला. कठड्यावर एका दिवसात एवढं साठतं, तर माझ्या छातीत वर्षानुवर्षं किती साठलं असेल?"

मी खरं ते सांगितलं. फडक्याला लागते ती धूळ बहुतेक करून छातीत खोलवर जात नाही. आणि छातीत खोल जाते ती फडक्याला फारशी लागतच नाही. मावशीला हे पटलं नाही. पटायला वेळ लागतो, कारण आपण सगळेच धूळ डोळ्यांनी मोजतो.

गोव्यात धुळीचा विषय नवा नाही. डिचोली, सांगे, केप्याच्या खाणपट्ट्यात रस्त्याकडेची झाडं तांबडी झालेली आपण पाहिली आहेत. मावशीच्या सड्याजवळच्या मुरगाव बंदरात कोळसा उतरतो आणि रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. रेल्वेच्या दुपदरीकरणाला विरोध म्हणून २०२०च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्री रुळांवर बसले होते. कोळसा हाताळणीची बातमी आली की तिच्यात 'पीएम २.५', 'मायक्रोग्रॅम', 'एक्यूआय' हे शब्द येतात आणि वाचणारा तिथेच थांबतो. ते शब्द एकदा नीट उलगडावेत, म्हणून हे लिहितो आहे.

कवडशात नाचते ती धूळ मोठी

जुन्या कौलारू घरात छपराला एखादं काचेचं कौल असतं. दुपारी त्यातून उन्हाची तिरीप खाली येते आणि तिच्यात असंख्य कण तरंगताना दिसतात. मुलांना वाटतं, धूळ फक्त त्या कवडशातच आहे. खरं तर ती सगळ्या खोलीत असते. तिथे तिच्यावर प्रकाश पडतो, तो विखुरतो आणि आपल्या डोळ्यांत येतो, एवढंच. आज बाजारात काही हजार रुपयांना मिळणारी हवा मोजायची छोटी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. कवडशाच्या जागी लेसर आणि डोळ्याच्या जागी प्रकाश टिपणारी चकती.

कवडशात वेगळे ओळखू येणारे कण आपल्या विषयाच्या मानाने धिप्पाड असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर, बोलीभाषेत मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. १० मायक्रॉन आणि त्याहून बारीक अशा सगळ्या कणांना मिळून पीएम १० म्हणतात, २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कणांना पीएम २.५. म्हणजे पीएम १० मध्ये पीएम २.५ आलेच. केसाच्या जाडीत अडीच मायक्रॉनचे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी बसतील.

खाली यायला किती वेळ लागतो?

पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवा. खडे क्षणात तळाला जातात, वाळू मिनिटभरात. पण चिऱ्याच्या मातीचा तो तांबडेपणा दुसऱ्या दिवशीही पाण्यातच असतो. माती तीच, फक्त कण बारीक. हवेतही हेच घडतं.

याचा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडला: कणाचा आकार निम्मा झाला, तर खाली पडण्याचा वेग निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. पाण्याइतक्या घनतेचा कण धरून हिशेब करू. तीन मीटर उंचीच्या खोलीत, हवा अगदी स्तब्ध असेल, तर १० मायक्रॉनचा कण छतापासून जमिनीवर यायला सुमारे सतरा मिनिटं घेतो. अडीच मायक्रॉनचा चार तासांहून जास्त. एक मायक्रॉनचा जवळजवळ अख्खा दिवस. आणि हवा स्तब्ध कुठे असते? पंखा चालू असतो, दार उघडतं, समुद्रावरून वारा येतो. बारीक कणाला जमीन गाठायची सवडच मिळत नाही. म्हणून मावशीच्या कठड्यावर येऊन बसते ती मोठी, जड धूळ. बारीक कण त्याच वेळी तिच्या डोळ्यांसमोरून, खिडकीतून घरात वाहत असतात.

शरीरातली घाटवळणं

कदंबच्या बसने अनमोड घाट उतरताना उभा असलेला जाडजूड माणूस प्रत्येक वळणावर बाहेरच्या बाजूला फेकला जातो. हवेबरोबर नाकात शिरलेल्या मोठ्या कणाचं हेच होतं. नाकातून घशात, घशातून श्वासनलिकेत हवा सहज वळते, जड कण सरळ जाऊन भिंतीला आपटतो आणि चिकट ओलाव्यात अडकतो. श्वासनलिकांच्या आत अगदी बारीक केसांसारखी लव असते. ती अडकलेली धूळ सतत वर ढकलते. आपण ती गिळतो, किंवा खोकून बाहेर टाकतो. शिमग्याच्या धुळवडीनंतर नाक शिंकरल्यावर दिसणारा रंग म्हणजे ही व्यवस्था नीट चालल्याची खूण.

बारीक कण मात्र प्रत्येक वळण हवेबरोबर घेतो. श्वासनलिका फुटत फुटत जाते, एकीच्या दोन, दोनांच्या चार, असे साधारण तेवीस टप्पे. शेवटी वायुकोश, द्राक्षाच्या घडासारखे. ते कोट्यवधी आहेत. तिथे हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, कारण प्राणवायू त्यातून पलीकडे जायचा असतो. तिथे लव नाही, वर ढकलणारं कोणी नाही. कण तिथे पोचला की त्याला गिळायला पांढऱ्या पेशींची एक जात येते. ती कणाला पोटात घेते. तो पचला नाही तर चिडते आणि आजूबाजूला दाह सुरू करते.

अतिसूक्ष्म कणांची गोष्ट आणखी वेगळी. हवेचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देत राहतात आणि ते वेडेवाकडे भरकटतात. या थरथरीचं गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलं. भरकटत भरकटत ते वायुकोशाच्या भिंतीला जाऊन चिकटतात.

मिठाच्या सहा-सात कणांनी काय होणार?

ही शंका अगदी रास्त आहे. आपण दिवसाला साधारण दहा हजार लिटर, म्हणजे दहा घनमीटर हवा आत घेतो. भारतात पीएम २.५ साठी वर्षभराच्या सरासरीची मर्यादा आहे दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). दहा गुणिले चाळीस, म्हणजे दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅमच्या निम्म्याहून कमी. जेवणाच्या मिठाचे सहा-सात कण तळहातावर घ्या, झालं तेवढं वजन. त्यातलेही बरेचसे कण उच्छ्वासाबरोबर परत बाहेर जातात.

पण इथे वजन फसवतं. १० मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात एक मायक्रॉनचे हजार कण मावतात आणि त्या हजारांचा मिळून पृष्ठभाग त्या एकाच्या दसपट असतो. शरीराचा संबंध येतो पृष्ठभागाशी. शिवाय ज्वलनातून आलेल्या काजळीच्या कणावर धातू आणि जळकट रसायनं चिकटून आलेली असतात. यातून पेटणारा दाह फुप्फुसापुरता राहत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर परिणाम होतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. हवेच्या प्रदूषणाचे बळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खोकणारा माणूस येतो. प्रत्यक्षात त्यांतल्या मोठ्या हिश्श्याचा मृत्यू हृदयविकाराने आणि पक्षाघाताने होतो. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेतल्या या कणांना कर्करोगकारक ठरवलं, तंबाखूच्या धुराच्याच गटात. गट एक, याचा अर्थ धोका सारख्याच आकाराचा असा नाही. पुरावा तितकाच पक्का, असा आहे. बातम्यांत हा फरक नेहमी पुसला जातो.

फडकं काळं म्हणजे कोळसाच का?

मावशीला न आवडलेलं दुसरं उत्तर हे होतं की केवळ काळ्या रंगावरून तसं सांगता येत नाही. डिझेलची काजळी काळी असते, झिजलेल्या टायरची पूड काळी असते, आणि आपल्या दमट हवेत भिंतीवर येणारी बुरशीही काळीच. सूक्ष्मदर्शकाखाली फरक कळतो: कोळशाचा तुकडा फुटलेल्या काचेसारखा टोकदार कोनांचा दिसतो, काजळी बारीक मण्यांच्या गुंतलेल्या माळेसारखी. प्रयोगशाळेत धुळीवर क्ष-किरण टाकून तिच्यातली मूलद्रव्यं ओळखतात. सोडियम आणि क्लोरीन सापडलं तर समुद्राचं मीठ, अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन तर माती. कोणत्या उगमाचा वाटा किती, हे असं जुळवत जुळवत काढावं लागतं.

आणखी एक गोष्ट, आणि ती दोन्ही बाजूंना गैरसोयीची आहे. एखादी वस्तू दळून, आपटून, ओतून उडते ती धूळ बहुतांशी जाडी असते. जळून निघते ती बारीक. कोळशाचा ढीग आणि वॅगनमधून उडणारी पूड ही मुख्यतः पहिल्या प्रकारात मोडते. ती निरुपद्रवी नाही, दम्याच्या रुग्णाला जाडी धूळही पुरते. पण त्याच गावातली बारीक धूळ ट्रकच्या इंजिनातून, जहाजांच्या इंधनातून, कचरा जाळण्यातून आणि चुलीतूनही येते. फक्त ढिगाकडे पाहिलं तर ती निसटते. आणि "बारीक धुळीत कोळसा थोडाच आहे" असं सांगून जाड्या धुळीवरून नजर हटवली, तर तेही चूकच.

खाणीतल्या आणि धक्क्यावरच्या कामगाराचा प्रश्न याहून वेगळा. कोळशाच्या खाणीत वर्षानुवर्षं धूळ घेतलेल्यांना होणारा न्यूमोकोनिओसिस, किंवा सिलिकायुक्त दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, हे कामाच्या जागचे आजार. तिथलं प्रमाण शहरातल्या हवेच्या कितीतरी पट असतं.

यंत्रावरचा आकडा

सर्वांत विश्वासाची पद्धत सर्वांत साधी आहे. कोरा फिल्टर वजन करायचा, चोवीस तास त्यातून मोजून हवा ओढायची, पुन्हा वजन करायचं. बारीक आणि जाडे कण वेगळे करायला हवेला एक झटकन वळण देतात. तेच आपलं घाटातलं तत्त्व. स्वयंचलित केंद्रांत वजनाऐवजी फिल्टरच्या पट्टीतून बीटा किरण सोडतात आणि पलीकडे किती कमी पोचले त्यावरून धूळ मोजतात.

घरगुती लेसर यंत्राबाबत गोव्यात जपून राहावं लागतं. दमट हवेत मिठाचा कण पाणी शोषून फुगतो आणि यंत्राला तो मोठा दिसतो. जुलैच्या धुक्याच्या सकाळी तुमच्या यंत्राने भलताच आकडा दाखवला, तर निम्मं श्रेय पाण्याचं असू शकेल. त्याने घाबरू नये, आणि त्या एका आकड्यावरून कोणावर आरोपही करू नये.

एक्यूआय हा हवेचा निर्देशांक. पीएम १०, पीएम २.५, ओझोन वगैरे प्रत्येकाचे गुण वेगळे काढतात आणि त्यांतला सर्वांत वाईट तो त्या दिवसाचा निर्देशांक. ही सरासरी नव्हे. पन्नासपर्यंत चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक. मात्र धुळीचा आकडा चोवीस तासांवर पसरलेला असतो. दुपारी बाराला समुद्राचा वारा सुटला आणि तासभर गावावर धुळीचा लोट आला, तर तो दिवसाच्या सरासरीत विरघळून जातो. ज्या मुलाची शाळा त्याच तासाला सुटते, त्याच्यासाठी तो विरघळत नाही.

"अमक्याला कोळशानेच दमा झाला, हे सिद्ध करा"

प्रत्येक सुनावणीत हा प्रश्न येतो आणि प्रत्येक वेळी लोक निरुत्तर होतात. डॉक्टर असं लिहून देऊ शकत नाहीत, हे खरं. कारण त्याच माणसाच्या घरात उदबत्ती आहे, ओल आहे, वडिलांना दमा होता. पण म्हणून पुरावा नाही असं होत नाही.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. ऑगस्टात बाजारात आलेल्या एका बांगड्याकडे बोट दाखवून "हा बंदीमुळेच वाचला" असं कुठलीही नुस्तेंकान्न, म्हणजे मासळीवाली, सांगणार नाही. तरी बंदीचा उपयोग होतो की नाही, हे कळतं. एका माशावरून नव्हे, सगळ्या जाळ्यावरून. आजाराचं शास्त्र असंच चालतं.

अमेरिकेत सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांवर चौदा ते सोळा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १९९३ मध्ये निष्कर्ष आले. धूम्रपान, वय, वजन, शिक्षण यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही सर्वांत प्रदूषित शहरात मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त होता. त्याच देशातल्या युटा खोऱ्यात एक पोलाद कारखाना १९८६च्या ऑगस्टपासून तेरा महिने बंद पडला. आर्डेन पोप या संशोधकाने, जो मुळात अर्थशास्त्रज्ञ, रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असतानाच्या हिवाळ्यांत श्वसनविकाराने दाखल होणारी मुलं बंद हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. कोणीही प्रयोग आखला नव्हता. कारखाना बंद पडला आणि नोंदी होत्या, एवढ्यावर तो झाला.

डब्लिनची कहाणी मला जास्त शिकवून गेली. तिथे १ सप्टेंबर १९९० पासून धूर करणारा कोळसा विकायला बंदी आली आणि हवेतली काजळी सुमारे ७० टक्क्यांनी घटली. पहिल्या अभ्यासात श्वसनाच्या आणि हृदयाच्या, दोन्ही आजारांचे मृत्यू घटलेले दिसले. पण २०१३ मध्ये त्यांतल्याच संशोधकांनी पुन्हा तपासलं. हृदयविकाराचे मृत्यू बंदी नसलेल्या भागातही त्या काळात घटतच होते, ती घट बंदीच्या खात्यात टाकता येईना. श्वसनविकारांची घट मात्र टिकली. आपला निष्कर्ष आपणच कापून लहान करणारे हे लोक, म्हणून जो उरला त्यावर माझा विश्वास बसतो.

गोव्यात २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १६ मार्च २०१८ पासून पुन्हा थांबल्या. युटाच्या तेरा महिन्यांपेक्षा या खूप मोठ्या खिडक्या आहेत. आरोग्य केंद्रांतली ओपीडीची जुनी रजिस्टरं म्हणूनच रद्दी नव्हेत.

"दिल्लीपेक्षा आपण किती बरे!" आणि "आजोबा चुलीच्या धुरात नव्वद जगले"

दिल्लीपेक्षा बरे, हे खरंच. पण धुळीचा धोका जिन्याच्या पायऱ्यांसारखा सारखा वाढत नाही. हृदयविकाराच्या बाबतीत सुरुवातीचा चढच सर्वांत उभा असतो. पीएम २.५ पाच मायक्रोग्रॅमवरून पंचवीसवर जाताना जितका धोका वाढतो, तितका दोनशेवरून दोनशेवीसवर जाताना वाढत नाही. म्हणूनच २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीएम २.५ ची वार्षिक शिफारस १० वरून ५ वर आणली. आपली मर्यादा ४०. तेव्हा "मर्यादेच्या आत आहे" हे वाक्य ऐकलं की कोणती मर्यादा, हे विचारावं.

आजोबांचं म्हणाल, तर नव्वद जगलेले आजोबा आपल्याला भेटतात. पन्नाशीत धाप लागून गेलेली, आयुष्यात कधी विडी न ओढलेली, चुलीपुढे बसलेली आजी भेटत नाही. तिचं उदाहरण द्यायला ती नसते.

पाणी मारलं, मास्क लावला, पाऊस पडला

ढिगावर पाण्याचे फवारे आणि वॅगनवर ताडपत्री, हे उपाय जाड्या धुळीवर चांगले चालतात. अगदी बारीक कणाला थेंब पकडू शकत नाही. थेंब येताना हवा बाजूला सारतो आणि हलका कण त्या हवेबरोबर बाजूला होतो. पावसाचंही तेच. पाऊस जाडी धूळ झपाट्याने धुतो, बारीक कण चुकवून निसटतात. तोंडाला बांधलेला रुमाल जाड्या धुळीपुरता. एन ९५ मास्क ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण गालाला घट्ट बसला तरच. मेच्या उकाड्यात तो कोणी दिवसभर लावून बसणार नाही, आणि लावायला सांगणं हा उपायही नव्हे.

आरतीची फुंकर

छातीचं मोजमाप करता येतं, हे मावशीला माहीत नव्हतं. चतुर्थीला घुमटाच्या तालावर आरती म्हणताना एका श्वासात अख्खं कडवं ओढणारे लोक असतात. स्पायरोमेट्री ही तशीच परीक्षा. पूर्ण श्वास भरायचा, नळीत जोर लावून शेवटपर्यंत फुंकायचं. एकूण हवेतली किती पहिल्या सेकंदात बाहेर आली, ते यंत्र सांगतं. श्वासनलिका उघडायचं औषध दिल्यावरही ७० टक्क्यांपेक्षा कमी आली, तर वाट कायमची अरुंद झाल्याची शंका येते. पंचविशीनंतर प्रत्येकाची ही क्षमता हळूहळू उतरते. म्हणून एकाच आकड्यापेक्षा वर्षावर्षाची उतरण जास्त सांगते. दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांची अशी वार्षिक मोजणी झाली. जास्त प्रदूषित गावांतल्या मुलांची फुप्फुसं कमी वाढलेली आढळली आणि पुढे हवा सुधारली तशी नंतरच्या मुलांची वाढही सुधारली.

बंदर वाढो, रूळ वाढोत किंवा खाण पुन्हा सुरू होवो, त्याआधी त्या गावच्या शाळेतल्या मुलांची फुंकर मोजून ठेवली तर नंतर तुलना होईल. आधीचा आकडा नसेल, तर नंतरच्या आकड्यावर फक्त वाद होतो. ग्रामसभेत मागायची असेल तर ही मोजणी मागावी, आणि हवेचं यंत्र कुठे बसवलंय, तासातासाचे आकडे कुठे मिळतील, हेही विचारावं.

मावशीची चाचणी आम्ही केली. पहिल्या दोन फुंकरा फुकट गेल्या, तिसरी नीट बसली. टक्केवारी ७४ आली. डॉक्टर म्हणाले, आज काही म्हणत नाही, पुढच्या वर्षी याच महिन्यात या. तो कागद तिने रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय आणि वर पेनाने तारीख लिहिलीय.